निजसुरे सरांचं गाव

माधवराव निजसुरे वाईट माणूस नाहीत, हे सुरुवातीलाच सांगून टाकलेलं बरं. लंडनच्या पिनर भागात त्यांच्याबद्दल वाईट बोलणारा माणूस शोधून काढावा लागेल. कचऱ्याची बिन बाहेर काढायच्या दिवशी ते शेजारच्या म्हातारीचीही बिन ओढून ठेवतात. मंडळाच्या गणपतीत आरतीला मागे उभे राहतात आणि प्रसादाच्या वाट्या गोळा करायला मात्र पुढे होतात. त्यांच्यात खोड एकच. तरुणपणी त्यांना एक गोष्ट पटली, आणि नंतर पन्नास वर्षं त्यांनी ती पुन्हा तपासून पाहिली नाही.

ती गोष्ट म्हणजे गाव. त्यातही अमेरिकन गाव.

झालं असं, की पुण्याला राज्यशास्त्रात एम.ए. झाल्यावर त्यांना वर्षभराची शिष्यवृत्ती मिळाली आणि ते व्हरमाँटमधल्या एका छोट्या कॉलेजात गेले. मार्चच्या पहिल्या मंगळवारी घरमालकीण त्यांना ओढत गावच्या सभेला घेऊन गेली. सव्वाशे माणसं, पायात बर्फाचे बूट, घडीच्या खुर्च्या. विषय काय, तर रस्त्यावरचा बर्फ ढकलणारी गाडी नवी घ्यायची की जुनीच दुरुस्त करायची. यावर अडीच तास चर्चा. दुधाचा धंदा करणारा उठला, दाताचा डॉक्टर उठला, पाव भाजणारी बाई उठली. प्रत्येकजण उभं राहून बोलला, सगळ्यांनी ऐकून घेतलं, हात वर झाले, मोजले गेले. मग आपापल्या घरून आणलेले पदार्थ मांडून सगळे एकत्र जेवले. वाईत वाढलेल्या माधवने नगरपालिकेत साध्या माणसाला तोंड उघडताना कधी पाहिलं नव्हतं. तो त्या दिवशी जो भारावला तो भारावलाच.

पुढे डॉ. सुमेधाशी लग्न झालं. सुमेधाताई भूलतज्ज्ञ. त्यांना इथल्या हॉस्पिटलात नोकरी लागली आणि माधवराव बायकोपाठोपाठ एकोणऐंशी साली लंडनला आले. डॉक्टरांच्या त्या गोतावळ्यात नवऱ्याच्या नोकरीवर आलेल्या बायका पुष्कळ होत्या, बायकोच्या नोकरीवर आलेले नवरे हेच एक. चारपाच वर्षं मिळेल ते काम केलं, मग एका कॉलेजात ए-लेव्हलच्या, म्हणजे आपल्या बारावीच्या मुलांना अमेरिकन राज्यव्यवस्था शिकवायला लागले आणि अठ्ठावीस वर्षं तेच शिकवलं. ‘बायको पेशंटला झोपवते, नवरा वर्गाला,’ हा मंडळातला जुना विनोद. त्यावर सगळ्यात मोठ्याने सुमेधाताईच हसायच्या.

दर सप्टेंबरात बर्फगाडीची गोष्ट वर्गात व्हायचीच. सार्वजनिक हित राजधानीत बसून ठरवता येत नाही, जिथे माणसं एकमेकांना नावाने ओळखतात तिथेच ते ठरतं, असं ते सांगायचे. शेजाऱ्याचं धान्याचं कोठार उभारायला सगळा गाव कसा जमतो ते सांगताना त्यांना आपल्याकडची इर्जिक आठवायची. एकाच्या शेतावर सगळ्यांनी आपापले बैल घेऊन जायचं, दिवसभरात नांगरट उरकायची, संध्याकाळी मालकाकडे जेवायचं. याच स्थानिक कारभाराच्या नावाखाली दक्षिणेतल्या कित्येक परगण्यांनी काळ्या मुलांना शाळेच्या दारातून परत पाठवलं, हेही ते शिकवायचे. नाही असं नाही. एका तासात शिकवायचे. बर्फगाडीला तीन तास लागायचे.

कडूबा नरवडे त्यांना भेटले ते अलॉटमेंटवर, अठ्ठ्याण्णव साली. कौन्सिलची, म्हणजे इथल्या नगरपालिकेची जमीन, तिचे पट्टे पाडून लोकांना भाजीपाला लावायला दिलेले. माधवरावांचा प्लॉट एकतिसावा, कडूबांचा बत्तिसावा. मध्ये फक्त पायवाट. कडूबा मूळ जालन्याकडचे, औरंगाबादच्या मिलिंद कॉलेजात शिकलेले, मग इंजिनियर होऊन इकडे आले आणि ट्यूब रेल्वेच्या सिग्नल खात्यात निवृत्तीपर्यंत राहिले. घर जवळच, रेनर्स लेनला. त्यांची बायको शांताबाई शाळेच्या किचनमध्ये होत्या. पंचवीस वर्षं दोघं शेजारी राबले, एकमेकांच्या फ्लास्कमधला चहा प्यायले, पण ‘अहो-जाहो’ काही सुटलं नाही. माधवराव म्हणायचे ‘कडूबाराव’, कडूबा म्हणायचे ‘सर’.

बर्फगाडीची गोष्ट कडूबांनी पहिल्यांदा ऐकली तेव्हा ते वालाचे वेल बांबूला बांधत होते. गोष्ट संपेपर्यंत चार बांबू झाले.

“छान आहे,” ते म्हणाले. “एक विचारू? त्या गावात काळे किती होते हो?”

माधवराव आठवू लागले. “एकही नव्हता बहुतेक.”

“मग बरोबर. सभा चांगली होणारच.”

“तसं नाही कडूबाराव, मुद्दा असा आहे की...”

“मुद्दा कळला मला. पण तुम्ही गावात राहिलात सर. आम्ही गावाबाहेर. बाहेरून गाव जरा नीट दिसतं.”

“आणि ती इर्जिक? ती तर आपलीच ना? सगळा गाव यायचा!”

कडूबांनी सुतळी दाताने तोडली. “आमच्या बापाच्या दीड एकरावर कोण येणार इर्जिकीला? आम्ही जायचो दुसऱ्यांच्या. जेवण आम्हाला पण मिळायचं, अंगणाच्या टोकाला.” मग माधवरावांचा चेहरा पाहून तेच हसले. “जाऊ द्या हो. चहा घ्या. मला आपलं लांबचं सरकार बरं वाटतं, एवढंच. लांबच्या माणसाला माझा बाप कोण ते माहीत नसतं. कागद बघतो, शिक्का मारतो. माझी शिष्यवृत्ती लांबून यायची म्हणून शिकलो. गावच्या पंचांवर सोडलं असतं तर अजून त्यांची ढोरं ओढत असतो.”

माधवरावांना वाटलं, यांचं दुःख खरं आहे पण ते जुनं आहे आणि तिकडचं आहे. इथे त्याचा काय संबंध? असं वाटून घेणं फार सोपं असतं.

दोन हजार सतरा साली कौन्सिलचं पत्र आलं. अलॉटमेंटचा कारभार प्लॉटधारकांनीच चालवायला घ्यावा, भाडेपट्टे, वेटिंग लिस्ट, नियम सगळं त्यांनीच ठरवावं, कौन्सिल मध्ये पडणार नाही. दुसऱ्यांना तो कटकटीचा कागद वाटला. माधवरावांना मात्र व्हरमाँट चालत घरी आल्यासारखं झालं. तीन महिने ते प्लॉटप्लॉटवर हिंडले. इंग्रज, गुजराती, पोलिश, सगळ्यांना पटवलं. वेल्समधून आलेल्या ग्लेनिस प्रिचर्ड, शाळेच्या ऑफिसात आयुष्य गेलेल्या, त्यांना सेक्रेटरी व्हायला राजी केलं. राहिले कडूबा.

“कौन्सिलमधला तो माणूस ईमेलला पाच आठवड्यांनी उत्तर देतो,” माधवराव म्हणाले. “त्याने ही जागा कधी पाहिलेलीही नाही!”

“म्हणून तर चांगला आहे,” कडूबा म्हणाले. “पाच आठवड्यांनी देतो, पण सगळ्यांना सारखंच देतो. उद्या भांडण झालं तर मी कोणाकडे जाऊ? ज्याच्याशी भांडण त्याच्याकडेच?”

“भांडण कशाला होईल? आपण सगळे ओळखीचे आहोत.”

“अहो, ओळखीच्यांचंच होतं!”

सभेत माधवरावांना अध्यक्ष करून कारभार हाती घ्यावा यासाठी अडतीस हात वर झाले. विरोधात एकच, कडूबांचा. सगळे हसले, कडूबाही हसले, आणि सभा संपल्यावर येऊन माधवरावांचा हात हातात घेऊन म्हणाले, “अभिनंदन, सरपंच.” त्या दिवसापासून ‘सर’ गेलं आणि ‘सरपंच’ आलं.

कारभार चांगला चालला, हे कबूल करायला हवं. पाण्याच्या नव्या टाक्या आल्या, कुंपण झालं, महिन्यातल्या एका शनिवारी सगळ्यांनी मिळून साफसफाई. कडूबांनी विरोधात मत दिलं म्हणून काम चुकवलं नाही. फाटकाचं बिघडलेलं कुलूप त्यांनीच तीनदा दुरुस्त केलं. वेटिंग लिस्ट चाळीसवर गेली तेव्हा माधवरावांनी स्वतः एक नियम लिहिला. मेअखेर प्लॉटचा तीन चतुर्थांश भाग लागवडीखाली पाहिजे, नाहीतर नोटीस आणि मग प्लॉट दुसऱ्याला. आजारपण असेल तर सेक्रेटरीला लेखी कळवावं. नियमाच्या भाषेवर ग्लेनिसबाई खूश झाल्या होत्या.

तेवीस सालच्या जानेवारीत कडूबा काठी टेकत शेडपाशी आले. खुब्याचं ऑपरेशन ठरलं होतं, फेब्रुवारीत. नंतर काही महिने क्रॉयडनला मुलीकडे, रूपालीकडे राहायचं होतं, कारण रेनर्स लेनच्या घरात झोपायची खोली वर आणि जिना उभा.

“प्लॉट यंदा पडून राहणार,” ते म्हणाले. “ग्लेनिसला एक चिठ्ठी देऊन ठेवतो.”

“अहो, चिठ्ठी कसली? मी आहे ना! मी सांगतो तिला.”

“नियम तुमचाच आहे, सरपंच.”

“नियम अनोळखी लोकांसाठी असतो हो. तुम्ही निवांत ऑपरेशन करून या.”

यात कावा काही नव्हता. आपल्या माणसाकडून कागद घेणं म्हणजे त्याचा अपमान, हे आपल्यात मुरलेलंच आहे. ‘आमच्यात कागद कशाला?’ असं म्हटलं की आपल्याला वाटतं आपण फार मोठं मन दाखवलं. कडूबांनी खिशातून काढलेलं पेन परत खिशात ठेवलं.

आणि माधवराव सांगायचं विसरले. झालं इतकंच. फेब्रुवारीत नातवंडं आली, मार्चमध्ये पाइप फुटला. कडूबांच्या जखमेत पू झाला, पुन्हा ऑपरेशन करावं लागलं, तेव्हा माधवराव हॉस्पिटलात भेटून आले, द्राक्षं घेऊन गेले. तिथेही विषय निघाला नाही. कडूबांनी विचारलं नाही कारण त्यांचा विश्वास होता. माधवराव बोलले नाहीत कारण त्यांच्या मनात ते काम झाल्यासारखंच होतं.

जूनमध्ये पाहणी झाली. बत्तीस नंबरवर कमरेइतकं गवत, त्यात वेलींचा गुंता, बी शेजारच्या प्लॉटवर उडतंय. ग्लेनिसबाईंनी नोटीस पाठवली ती रेनर्स लेनच्या बंद घरी, आणि ती दारामागे पडून राहिली. माधवरावांना नोटिशीची प्रत आली तेव्हा कुठे त्यांना जानेवारीतलं बोलणं आठवलं. एकदा वाटलं, शनिवारी आठदहा जणांना बोलवावं, दिवसभरात प्लॉट साफ होईल. दिवस नक्कीही केला. मग मनात आलं, लोक म्हणतील, अध्यक्ष आपल्या माणसासाठी सगळ्यांना राबवतोय. गेल्या वर्षी कोणीतरी शेडमध्ये एकतीस-बत्तीसला ‘इंडियन कॉर्नर’ म्हणालं होतं. चेष्टेतच म्हणालं होतं, पण ते माधवरावांच्या कानात रुतून बसलं होतं. त्यांनी कोणालाच बोलावलं नाही.

जुलैची कमिटी. सात जणांतला एक सुटीवर, म्हणजे सहा. ठराव, बत्तीस नंबरचा करार रद्द करावा. ग्लेनिसबाईंनी चष्मा वर केला.

“त्याच्याकडून लेखी काही आलं आहे का? माझ्याकडे नाही.” त्यांनी फाइल पुन्हा एकदा चाळली. “मग कोणाशी तोंडी काही बोलला आहे का? मला ही गोष्ट मनापासून नको आहे. काहीतरी असेल तर सांगा.”

आणि त्यांनी टेबलाभोवती सगळ्यांकडे पाहिलं. एकेकाकडे. माधवरावांकडेही.

त्या वेळी एवढंच म्हणायचं होतं, की जानेवारीत तो माझ्याकडे आला होता, चिठ्ठी देत होता, मीच नको म्हटलं. एका वाक्यात संपलं असतं. पण ते म्हटलं असतं तर नियम लिहिणाऱ्यानेच नियम वाकवला, तोही आपल्या देशवाल्यासाठी, असं झालं असतं. माधवरावांनी समोरच्या कागदाच्या कोपऱ्यावर बोट फिरवलं. मग घसा साफ करून म्हणाले, “नरवडे माझे जुने मित्र आहेत. त्यामुळे या ठरावावर मी मत देणं योग्य होणार नाही.”

“फारच सभ्यपणाचं आहे हे तुमचं, माधव,” शेजारचा गृहस्थ म्हणाला.

तीन विरुद्ध दोन. अध्यक्षांनी मत दिलं असतं तर तीन-तीन झाले असते, आणि समसमान मतांवर अध्यक्षाला आणखी एक मत असतं. दोन्ही मतं खिशात ठेवून अध्यक्ष घरी आले. आणि सांगायला लाज वाटावी, पण घरी येताना ते मनातून खूश होते. ‘फारच सभ्यपणाचं’ हे शब्द त्यांना गोड लागले होते.

जेवताना त्यांनी सुमेधाताईंना सगळं सांगितलं, जरा तोऱ्यातच.

“म्हणजे मी अगदी तटस्थ राहिलो. दुःख झालं, पण सार्वजनिक काम म्हटलं की...”

“थांब,” सुमेधाताई म्हणाल्या. “चिठ्ठी का नव्हती?”

“नव्हती.”

“ते कळलं. का नव्हती? कडूबा सिग्नलचा इंजिनियर आहे रे, तो माणूस चहाला येतानाही आधी मेसेज करतो. त्याने चिठ्ठी दिली नाही हे मला पटत नाही.”

माधवराव पानातली आमटी ढवळत राहिले. “मी नको म्हटलं होतं. मी सांगतो म्हटलं होतं.”

“आणि सांगितलंस?”

“राहिलं.”

“आज तिने विचारलं तेव्हा?”

ते पाण्याचा तांब्या उचलून भांडं भरू लागले.

“अरे माधव,” त्या म्हणाल्या, आणि आवाज चढवला नाही, ते जास्त वाईट होतं, “चाळीस वर्षं मी लोकांना भूल दिली. तू स्वतःलाच दिलीस. याला तटस्थ म्हणतात होय? पाय कापला त्याचा आणि म्हणतोस मी बघत नव्हतो.” ताट उचलून त्या आत गेल्या. पुन्हा बाहेर येऊन म्हणाल्या, “रविवारी क्रॉयडनला जा. फोन करू नकोस. जा.”

ते गेले. पिनरहून फॅरिंग्डन, तिथे गाडी बदलून ईस्ट क्रॉयडन, पुढे ट्राम. वाटभर ते वाक्यं जुळवत होते. दार शांताबाईंनी उघडलं.

“या भाऊ. एवढ्या लांब कशाला आले? बसा, च्या टाकते.”

कडूबा खिडकीपाशी खुर्चीत होते, समोर चालायची फ्रेम. मांडीवर ग्लेनिसबाईंचं दुसरं पत्र. रूपाली घरी जाऊन पोस्ट घेऊन आली होती, दोन्ही पाकिटं एकदमच हाती पडली होती. माधवरावांनी जुळवलेल्या वाक्यांतलं एकही बाहेर आलं नाही.

“मी विसरलो,” ते म्हणाले.

“ते मला वाटलंच होतं,” कडूबा म्हणाले. “विसरतो माणूस. मी पण विसरतो. ऑपरेशनच्या आधी जन्मतारीख विसरलो होतो.” त्यांनी पत्र उलटलं. “पण यात लिहिलंय, कमिटीने विचारलं आणि कोणालाच काही माहीत नव्हतं. तुम्ही त्या दिवशी नव्हता का?”

“होतो.”

शांताबाई कप घेऊन आल्या होत्या, त्या तशाच थांबल्या.

“मी मत दिलं नाही,” माधवराव घाईने म्हणाले. “तुम्ही मित्र, म्हणून. लोकांना वाटेल आपल्या माणसाला...”

“मत कोणी मागितलं तुम्हाला?” कडूबा पहिल्यांदाच मोठ्याने बोलले. “साक्ष मागितली होती ती! मित्र म्हणून नका सांगू. शेजारी म्हणून सांगा, रस्त्यावरचा माणूस म्हणून सांगा. खरं तर खरंच होतं ना?”

“मी अपील करायला लावतो. अजून वेळ गेलेली नाही. मी स्वतः उभा राहून सांगतो.”

“अपील कोणाकडे?”

“कमिटीकडेच. तसा नियम...” आणि माधवराव तिथेच थांबले.

“अस्सं,” कडूबा म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. थकवा होता. “मी त्यांच्यापुढे फ्रेम घेऊन उभा राहू, आणि माझी हाडं दाखवून जागा परत मागू? पंचवीस वर्षं खणली ती? आजा मागायचा असं. चावडीसमोर उन्हात उभा राहून. मी नाही मागणार सर.”

ते ‘सर’ म्हणाले. ‘सरपंच’ नाही. काय तुटलं ते कळायला माधवरावांना तेवढं पुरलं.

“च्या थंड व्हायला लागला,” शांताबाई म्हणाल्या आणि कप त्यांच्या हातात दिला. निघताना दारापर्यंत आल्या. “भाऊ, तुम्ही काही वंगाळ माणूस नाही. पण यांना घरी नेऊन बसवलं तुम्ही. सकाळी उठून कुठं जायचं त्यांनी आता?”

परतल्यावर माधवरावांनी ग्लेनिसबाईंना फोन करून सगळं सांगितलं. त्यांनी चिठ्ठीचं पुन्हा एकदा विचारून घेतलं. मग म्हणाल्या, “हे तुम्ही त्या दिवशी बोलला असता तर मी ती फाइलच फाडून टाकली असती. काल सकाळी प्लॉट यादीतल्या पहिल्या नावाला दिला. सही झाली.”

पहिलं नाव म्हणजे मायरा, इथेच वाढलेली तिशीतली मराठी मुलगी. पाच वर्षं यादीत थांबलेली. तिच्यावर रागवावं तर तिचं काय चुकलं? ऑगस्टमध्ये कमरेएवढ्या गवतात ती विळा घेऊन उभी होती, झाडाखाली प्रॅममध्ये बाळ.

“अंकल, हा भाजी कोणता आहे? सगळीकडे आला आहे. वीड आहे का?”

माधवरावांनी पाहिलं. “शेपू आहे तो. कोणी लावलेला नाही. आधीच्या माणसाच्या बियांचा आलाय.”

“ओह. ते अंकल का गेले?”

माधवरावांना तिला काही सांगता आलं नाही. ऑक्टोबरच्या वार्षिक सभेपर्यंत ग्लेनिसबाई सोडल्या तर प्लॉटवरच्या कोणालाच सांगता आलं नाही. इतरांना शिकवलं होतं की उभं राहून बोला, आणि स्वतःला तीन महिने लागले. सभेत ते अध्यक्षाच्या खुर्चीतून उठून समोर इतर सभासदांत जाऊन उभे राहिले आणि सातआठ वाक्यांत सांगितलं. जानेवारीत काय झालं, जुलैत कोणी विचारलं, कोण गप्प बसलं. शेवटी म्हणाले, मी अध्यक्षपद सोडतो, आणि अपील कमिटीबाहेरच्या माणसाने ऐकावं असा ठराव मांडतो. या जागेवर कधी पाऊल न टाकलेल्या माणसाने.

सभागृहात खुर्च्या करकरल्या. एकजण म्हणाला, फारच धैर्याचं बोललात. या वेळी माधवरावांना ते शब्द नकोसे झाले. ठराव एकमताने पास झाला. कडूबांच्या कामाचा तो नव्हताच. मायरा उभी राहिली, लाल झाली होती, म्हणाली की अर्धा प्लॉट मी परत देते, अर्धा मला पुष्कळ आहे.

हे सांगायला माधवरावांनी दुसऱ्या दिवशी सकाळीच फोन लावला. कडूबा आता रेनर्स लेनला परतले होते, पलंग खालच्या खोलीत आणला होता.

“पोरगी चांगली दिसते,” कडूबा म्हणाले. “पण नको. तिला म्हणावं, पूर्ण ठेव. अर्ध्यात तिचा जीव रमायचा नाही. आणि शेपू उपटू नको म्हणावं, दर वर्षी येईल.”

“कडूबाराव, तुम्ही परत या हो. माझा एकतीस नंबर घ्या. मी कागदावर लिहून देतो.”

पलीकडे हसल्यासारखा आवाज आला. “आता कागद देता होय?” मग थोडं थांबून, “मी अर्ज केलाय सर. कौन्सिलच्या हद्दीच्या त्या टोकाला एक अलॉटमेंट आहे. अजून कौन्सिलच चालवते.”

“त्या टोकाला? दोन बस बदलाव्या लागतील! आणि तिथे ओळखीचंही कोणी नाही.”

“हो,” कडूबा म्हणाले. “ते बघूनच केला.”

माधवरावांनी विचारलं, “यादी किती आहे?”

“पाच वर्षं म्हणतात. लेखी उत्तर आलंय. पाच आठवड्यांनी आलं, पण आलं.”

कडूबांना शहात्तरावं लागलं होतं. दोघांनीही ती बेरीज केली असणार.

“अर्जात काही मदत? काही भरायचं असेल तर...”

“रूपालीने भरलं सगळं.”

“मग मी एकदा येऊन जातो. नुसताच. चहाला.”

“या की,” कडूबा म्हणाले. “शांता घरीच असते. येण्याआधी मेसेज टाका फक्त.”

माधवरावांनी ‘हो’ म्हटलं आणि फोन ठेवला. त्या दिवसापासून त्यांनी मेसेज कितीतरी वेळा लिहिला. कधी मोठा झाला म्हणून खोडला, कधी छोटा वाटला म्हणून. सुमेधाताईंनी एकदोनदा विचारलं, मग विचारणं सोडलं. रोज सकाळी ते प्लॉटवर जातात, पायवाटेच्या पलीकडून मायरा हाक मारते, आणि तिने विचारलेल्या भाज्यांची नावं ते एकेक करून सांगतात.